कुंपणाची बाहेरची बाजू

“…आणि शेराच्या फांद्या मिळतील का तुमच्याकडे? शेर सगळ्यांत लवकर वाढतो.”

पुरीबाबा मठाच्या ओट्यावर बसून टाचांना तिळाचं तेल चोळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“किती उंच हवं कुंपण?”

“माणसाच्या डोक्याच्या वर.”

“कोणत्या माणसाच्या?”

मंदाकिनी भामरेनं हात आणखी वर नेऊन दाखवला. मग म्हणाली, “उंटावर बसलेल्या.”

बाबा हसले. तेलाची वाटी बाजूला सरकवून त्यांनी तिला बसायला सांगितलं.

वैशाखातली दुपार होती. पांझरेचं पात्र पांढरं पडलं होतं. खानदेशात त्या दिवसांत साऱ्याच बायका तोंडाला रुमाल बांधून फिरतात, म्हणून मंदाकिनीला उन्हाळा बरा वाटायचा. त्या गर्दीत तिचा रुमाल कुणाच्या लक्षात येत नसे. पण आता ती सावलीत बसली होती, आणि तरीही रुमाल तसाच होता.

ती गावातल्या मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायची. कडक बाई म्हणून तिचं नाव होतं. लग्न केलं नाही, कुणापुढे हात पसरला नाही, कुणाचं ऐकून घेतलं नाही. मागच्या पावसाळ्यात खालच्या ओठाशी तांदळाएवढा पांढरा ठिपका दिसला. दिवाळीपर्यंत डोळ्यांभोवती कड्या उमटल्या, मग बोटांवर, मग मनगटावर. कोड.

हा रोग शिवल्यानं होत नाही, हे ती स्वतः वर्षानुवर्षं नववीच्या वर्गाला शिकवत आली होती. तरी एके दिवशी शिक्षकांच्या खोलीत तिचा चहाचा कप कुणीतरी वेगळ्या फळीवर ठेवलेला दिसला. तिनं कुणाला विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती लांब रजेवर गेली, आणि रजा संपली की नोकरीच सोडायची असं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

डॉक्टरांनी मलम दिलं होतं. ते लावून सकाळच्या उन्हात तोंड आणि हात उघडे ठेवून थोडा वेळ बसायचं. एवढंच करायचं होतं. पण तिचं घर गल्लीच्या कडेला, अंगणाला कमरेएवढं तारेचं कुंपण, आणि स्टँडला जाणारी सगळी माणसं त्याच गल्लीतून. तिच्या घरापाशी सायकली हळू व्हायच्या. एका बाईनं तर तारेवरून वाकून कोडावर बावचीच्या तेलाचा गुण सांगितला होता.

म्हणून तिला आडोसा हवा होता.

मठाच्या मागे मोठी बाग होती. गावात कुणाला तगर, कण्हेर, अडुळसा काही लावायचं झालं की फांद्या तिथूनच न्यायचे. मंदाकिनीचे वडील मठात येऊन बसायचे. ती मात्र कधी आली नव्हती, साधू-बुवांवर तिचा विश्वास नव्हता. आजही ती फक्त फांद्यांसाठी आली होती.

आणि बाबांच्या उपदेशासाठी ती तयारीनंच आली होती. वहिनी फोनवर म्हणाली होती, लोक बघतात तर बघू देत. मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या, जगाला तोंड द्यायला शिका. जो तो तिला सांगत होता की लपू नकोस. ज्यांना लपायची कधी वेळ आली नाही, तेच हे सांगत होते. बाबाही तेच म्हणणार. त्यांना काय ऐकवायचं ते तिनं वाटेत ठरवलं होतं.

बाबांनी आपल्या टाचेकडं बघितलं, मग बागेकडं.

“दाट लाव,” ते म्हणाले. “फट ठेवू नकोस.”

तिनं ठरवून आणलेलं उत्तर सोडलं आणि शेराचंच पुढं सांगायला लागली.

पुढचा तासभर मग झाडांचीच गोष्ट चालली. बाबांना बागेतलं फारसं कळत नव्हतं. लावणारे लावून जायचे, ते फक्त पाणी घालायचे. त्यामुळे सांगत होती ती, आणि ते ऐकत होते. मधेच एखादा साधा प्रश्न विचारत होते.

शेराला पाणी लागत नाही, बकरी तोंड लावत नाही, ती म्हणाली. बाबांनी विचारलं, तुझ्या गल्लीतून कोण जातं? ती म्हणाली, कोण जाणार, शाळेची पोरं जातात. आणि तिथंच तिनं शेराचं नाव सोडलं. शेराची फांदी मोडली की चीक उडतो, आणि तो डोळ्यात गेला तर डोळा जायची वेळ येते. हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

मग तिनं चिल्हारीचं नाव काढलं. तिचे काटे आठवून तिनंच सोडलं. घायपाताच्या टोकदार पानांचंही तसंच झालं. बांबूची मुळं शेजारच्या हौदाखाली शिरतील. कण्हेर फुलते सुंदर, पण सगळं झाड विषारी. पोरं काय, येता जाता तोंडात घालतात.

एकेक झाड ती पुढे करत होती आणि स्वतःच मागे घेत होती. बाबा एकाही झाडाला नाही म्हणाले नाहीत.

“मेंदी राहिली,” ती शेवटी नाराजीनं म्हणाली. “पण ती कटकटीची असते. सारखी छाटावी लागते. लहान असतानाच शेंडा खुडावा लागतो, नाहीतर नुसती उंच जाते आणि खालून उघडी पडते. शेंडा खुडला की मग खालचे डोळे फुटतात आणि ती दाट होते.”

“म्हणजे उंच व्हायच्या आधी कापून घ्यायचं.”

“हो.”

“हे तू सांगितलंस,” बाबा म्हणाले, “मी नाही.”

तिला राग आला. पण आषाढाचा पहिला आठवडा लागला तेव्हा ती मेंदीच्याच फांद्या घेऊन गेली. बाबांनी त्या ओल्या गोणपाटात बांधून ठेवल्या होत्या. रुमालाबद्दल त्यांनी त्या दिवशीही काही विचारलं नाही. बघताना त्यांची नजर चुकलीही नाही आणि थांबलीही नाही.

घरी जाताना तिच्या ध्यानात आलं की कितीतरी महिन्यांनी ती कुणासमोर ताठ न होता बसली होती.

कुंपण वाढेपर्यंत तिनं तारेवर जुन्या चादरी बांधल्या. पावसात त्या भिजायच्या, वाऱ्यानं गल्लीकडं फुगायच्या. खाली मेंदी धरली. शेंडे खुडायची वेळ यायची तेव्हा तिचा जीव वर-खाली व्हायचा. जिला उंच व्हावं म्हणून लावलं, तिचंच डोकं दर वेळी आपल्या हातानं उडवायचं… ती चरफडत खुडायची. पण दिवाळी उलटली आणि एक चादर काढता आली. संक्रांतीनंतर दुसरी.

फाल्गुनात शेवटची चादर उतरली. मेंदी खांद्याच्या वर गेली होती, आणि बुंध्यापासून अशी गच्च भरली होती की मांजरालाही वाट नव्हती.

त्या सकाळी ती खुर्ची घेऊन अंगणात आली. तोंडाला, हातांना मलम लावलं आणि रुमालाशिवाय बसली. गल्लीतून सायकल गेली. हळू झाली नाही. कुणीतरी खोकलं, कुणीतरी भाजीचे भाव सांगत गेलं. ऊन गालावर आलं. किती दिवसांनी आलं होतं. तिचे डोळे भरून आले आणि मलमावरून पाणी ओघळलं. कुणी बघितलं नाही म्हणून तिनं ते पुसलंही नाही.

तिनं मनातल्या मनात बाबांना हात जोडले. साधूला हात जोडण्याची तिची ती पहिलीच वेळ.

पण कुंपणाला दोन बाजू असतात.

आतली बाजू ती रोज बघायची, कातरायची, झाडाखालचा पाला उचलायची. बाहेरची बाजू मात्र वाटेल तशी सुटली होती. जून झालेल्या फांद्यांची टोकं टोचरी होऊन गल्लीत आली होती. समोर राहणारे देवरेअण्णा एकदा फाटकापाशी येऊन हळूच सांगून गेले की त्यांच्या स्कूटरला ओरखडे येतात. पोरींच्या ओढण्या अडकतात. बाईंनी जरा बघावं.

बघावं म्हणजे गल्लीत उभं राहावं लागणार होतं. तिनं एका माळ्याला सांगितलं, तो आला नाही. दुसऱ्याला सांगितलं, तो लग्नसराईत मंडपांना फुलं बांधत फिरत होता. शेवटी ती रुमाल बांधून मठात गेली आणि बाबांना म्हणाली, बाहेरची छाटणी करायला कुणीतरी माणूस पाठवा.

“पाठवतो,” बाबा म्हणाले.

आखाजी तोंडावर आली होती. आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया, तिथल्या माहेरवाशिणींचा सण. लग्न झालेल्या पोरी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, हातभर मेंदी काढतात. गल्ली गजबजलेली होती.

अशाच एका सकाळी मंदाकिनी मलम लावून उन्हात बसली होती, तर पलीकडून कातरीचा आवाज यायला लागला. कच्च… कच्च… मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा कच्च.

असा कसा हा माळी, म्हणून तिनं उठून पानांतून बघितलं.

गल्लीत पुरीबाबा उभे होते. भगवी छाटी कमरेला खोचलेली, हातात देवाची फुलं तोडायची छोटी कैची. वरच्या टोचऱ्या फांद्या तशाच ठेवून ते खालच्या अंगाला, अगदी बुंध्यापाशी, मन लावून कापत होते.

तिनं आतून सांगितलं, बाबा, तिथं नाही, वर कापा. बाबांना नीट ऐकू आलं नसावं. त्यांनी मान हलवली आणि तिथंच आणखी एक फांदी कापली. गच्च भिंतीला भोक पडलं. भोकातून उन्हाचा एक पट्टा अंगणात आला.

तिनं पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. बाबांनी दुसरं भोक पाडलं.

वर्षभर एकेक शेंडा खुडून भरवलेलं कुंपण होतं ते. आणि ती हाडाची शिक्षिका होती. चुकीचं चाललेलं काम तिनं आयुष्यात कधी गुमान पाहिलं नव्हतं. फाटक केव्हा उघडलं हे तिचं तिलाही कळलं नाही. ती गल्लीत होती, आणि बाबांच्या हातातली कैची तिच्या हातात होती.

“अहो, असं उभं नाही कापायचं, तिरकं कापायचं. फांदीवरचा हा डोळा दिसतो ना? त्याच्या जरा वर. आणि खालून कशाला कापता? खालून उघडं झालं की संपलं सगळं…”

बाबांनी तिला जागा करून दिली. ते देवरेअण्णांच्या पायरीवर जाऊन बसले आणि फोड आलेला अंगठा तोंडात धरला.

ती शिकवत राहिली, कापत राहिली. आणि मग थांबली.

वारा तोंडाला लागत होता.

रुमाल आत खुर्चीच्या पाठीवर होता. तोंडावर मलमाचे पट्टे, हात कोपरापर्यंत उघडे, आणि ती भर गल्लीत उभी. फाटक जवळच होतं. तिनं फाटकाकडं बघितलं. मग भोकं पडलेल्या कुंपणाकडं बघितलं. त्यातून आतली खुर्ची लख्ख दिसत होती.

बाबांकडं बघितलं. ते अंगठ्यातच गुंतले होते.

आत गेली असती तर चाललं असतं. बाबा काही म्हणाले नसते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ते ठाऊक होतं म्हणूनच बहुधा तिचे पाय हलले नाहीत. ती कुंपणाकडं वळली आणि पुढची फांदी धरली.

माणसं जात राहिली. देवरेअण्णा बाहेर आले, बरं झालं म्हणाले आणि स्कूटर काढून गेले. एक-दोघांनी टक लावून बघितलं. ती नजर तिला मानेवर कळत होती, उन्हासारखी. पण हातातलं काम थांबवण्याएवढी ती नव्हती.

गल्लीत मेंदीचा ढीग पडला.

“बाई, हा पाला टाकणार आहात का?”

तिच्याच वर्गात शिकलेली पूनम बोरसे होती. दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन सुरतेला गेलेली, आखाजीला माहेरी आलेली. मागे दोन चुलत बहिणी. शाळेत असताना पूनम फार बोलते म्हणून बाईंनी तिला किती वेळा बाकावर उभं केलं होतं त्याला गणती नव्हती.

मंदाकिनीनं मानेनंच ने म्हणून सांगितलं. पोरी ओढण्या पसरून पाला भरायला बसल्या. पूनमनं एक मूठ उचलली, आणि तिची नजर बाईंच्या हातांवर गेली. चांगली निरखून तिनं ते हात बघितले, जसं कुणी कापड घ्यायच्या आधी बघतं.

“तुमच्या हाताला काढू का, बाई? पांढऱ्यावर रंग काय खुलेल!”

चुलत बहिणींचे हात ओढणीवरच थबकले. बाबांनी अंगठा तोंडातून काढला.

मंदाकिनीनं आपला हात वर धरून बघितला. वर्षभर तिनं तो बघितला होता, पण घाबरत, डागांच्या कडा किती सरकल्या ते मोजत. नुसता हात म्हणून बघितला नव्हता. पोरगी म्हणत होती ते खरं होतं. पांढऱ्यावर रंग खुललाच असता.

तिच्या पोटातून हसू वर आलं. आवरेना. मलम वाळून ताणलेलं तोंड हसताना ओढलं गेलं, तरी ती हसत राहिली, आणि ती हसतेय म्हणून पोरीही हसायला लागल्या.

“काढ,” ती म्हणाली. “पण वाटल्यावर नीट गाळून घे. गुठळ्या राहिल्या तर मार्क कापीन.”

दुपारी पोरी तिच्या अंगणात आल्या. कुंपणाच्या सावलीत बसून त्यांनी बाईंचे दोन्ही हात मनगटापर्यंत भरले. त्यांनी सासरच्या गोष्टी सांगितल्या, गाणी म्हटली. हात ओले म्हणून बाईंना पाणीही पूनमनंच पाजलं. भांडं तिच्या ओठांना लावलं आणि उरलेलं पाणी स्वतः पिऊन टाकलं. तिच्या ते ध्यानातही आलं नाही. मंदाकिनीच्या मात्र आलं.

जूनमध्ये रजा संपली तेव्हा राजीनामा न देता ती शाळेत गेली. पहिल्या तासाला नववीच्या मुली तिच्याकडं बघत होत्या, बघत नाही असं दाखवत होत्या. तिनं पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं, वर्गाच्या मधोमध येऊन उभी राहिली आणि म्हणाली की काय बघायचं ते आज नीट बघून घ्या, विचारायचं ते विचारून घ्या, उद्यापासून धडा सुरू होईल. मुलींनी बघितलं. एकीनं दुखतं का म्हणून विचारलं. दुखत नाही, बाई म्हणाल्या. श्रावण उजाडेपर्यंत कुणाला ते आठवतही नव्हतं. मुलींना पुन्हा बाईंच्या कडकपणाचीच भीती वाटायला लागली.

मलमानं मनगटावर थोडा रंग परत आला. तोंडावर नाही आला. ती रोज सकाळी अंगणात बसायची ते सोडलं नाही. महिन्यातून एकदा कैची घेऊन गल्लीत उतरायची आणि बाहेरची बाजू स्वतः कापायची. पाला न्यायला पोरी यायच्या.

वांग्यांचे दिवस आले तेव्हा एका रविवारी तिनं हिरव्या मिरचीचं भरीत केलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापल्या आणि डबा घेऊन मठात गेली. रुमाल नव्हता. तो घरी कुठं आहे हेही तिनं शोधलं नव्हतं.

बाबांना भरीत आवडलं. त्यांनी ते मागून घेतलं. ती समोर बसून वाढत होती. मनात पुष्कळ होतं. तिनं आधी कुंपणाचंच विचारलं. त्या दिवशी तुम्ही मुद्दाम वेडंवाकडं कापत होतात ना?

बाबा म्हणाले, नाही. त्यांना खरंच कापता येत नाही. माळी मिळाला नाही म्हणून ते स्वतः आले होते.

तिला ते खरं वाटलं. कापता येत नसताना ते तिच्यासाठी गल्लीत उभे राहिले होते. ती वाकली आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. बाबा घास हातात धरून तसेच बसून राहिले.

नदीला पाणी होतं. पलीकडच्या काठावर कुणीतरी म्हैस धूत होतं.

“बाबा,” ती उठून बसत म्हणाली, “सगळे मला म्हणाले, लपू नकोस. ओळखीचं एक माणूस असं नाही की जे म्हणालं नाही. तुम्ही एकटे म्हणाला नाहीत. उलट कुंपण दाट लाव म्हणालात… का?”

बाबांनी घास चावून संपवला. ताटलीला लागलेलं भरीत भाकरीच्या तुकड्यानं पुसून घेतलं. तो तुकडाही खाल्ला.

“माय,” ते म्हणाले, “मी तरी मठात कशाला राहतो?”